घाईतली खुर्ची

आमच्या शेडच्या भिंतीवर चार वाकडी लाकडं टांगलेली आहेत. दूधवाल्यानं मागं एकदा विचारलं, "काका, नांगर करताय काय?" नातवानं त्यातलं एक धनुष्य करायला मागून बघितलं. रॉकिंग चेअरच्या पायांखाली ज्या दोन कमानी असतात ना, त्या आहेत या. आई त्यांना केळी म्हणते, म्हणून आता घरात सगळेच केळी म्हणतात. भिंतीवर दोन जोड्या, तिसरी जोडी खुर्चीखाली. एका खुर्चीला सहा केळी लागली. त्यातली चार भिंतीवर का गेली, ते विसरायच्या आत लिहून ठेवतोय.

मी सुतार नाही. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. मशीनिंग होऊन आलेलं कास्टिंग मोजायचं, माप चुकलं की तांबडा रंग फासून बाजूला ठेवायचं, हे काम. दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेतला. २०२१ ला रिटायर झालो आणि घरामागं दहा बाय अकराची पत्र्याची शेड मारली. बाक, छोटं टेबल-सॉ, दोन रंधे, पटाश्यांचा सेट. पहिल्या वर्षी दोन स्टुलं आणि एक देव्हारा झाला. देव्हारा बरा झालाय, स्टुलांबद्दल न बोललेलं बरं.

खुर्चीचं मूळ झोपाळ्यात आहे. शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरात सोप्याला झोपाळा होता. सागवानी फळी, लोखंडी साखळ्या, कड्या पितळेच्या. दुपारचं सगळं आवरलं की आई त्यावर बसायची. एक पाय मुडपून वर, दुसऱ्यानं फरशीला जरासा रेटा. मेथी निवडणं, जप, शेजारणीची चौकशी, आमच्यावर ओरडणं, सगळं त्या झोक्यातनंच चालायचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी सोप्यात शिरलं आणि भिंतींनी ओल धरली ती सोडलीच नाही. शेवटी ते घर विकून आम्ही आर. के. नगरला, चढावर आलो. झोपाळ्याची फळी बरोबर आणली. पण नव्या घराच्या स्लॅबला कड्या सोडलेल्या नव्हत्या. त्या मागाहूनही बसवता आल्या असत्या. खरी अडचण आईच्या गुडघ्यांची. बसायला जावं तर झोपाळा मागं सरकतो, उठायला जावं तर पोटरीला ढकलतो. ८१ वर्षांच्या बाईला त्यावर बसवायचा धीर मला झाला नाही.

मग ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायची आणि एक पाय नुसताच हलवायची. ते बघवेना.

रॉकिंग चेअर हा आपल्याकडचा प्रकार नाही. आपल्याकडं झोपाळा किंवा कापडाची आरामखुर्ची. ही खुर्ची तिकडची. व्हिएन्नाच्या थोनेट यांनी १८६० च्या सुमारास बीचचं लाकूड वाफेवर वाकवून डौलदार झुलत्या खुर्च्या काढल्या. इराणी हॉटेलातल्या गोल पाठीच्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या. आणि लाकूडकाम करणाऱ्यांच्या जगात कुणीही रॉकिंग चेअर म्हटलं की एकच नाव येतं, सॅम मलूफ. आईवडील लेबनॉनमधून आलेले, हा कॅलिफोर्नियात जन्मला आणि तिथंच खुर्च्या करत राहिला. १९८५ ला त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, एरवी शास्त्रज्ञ आणि लेखकांना मिळते ती. त्याच्या खुर्चीत पाय आणि हात कुठं जोडलेत ते दिसतच नाही, लाकूड वितळून एकजीव झाल्यासारखं वाटतं. मी त्याचे फोटो महिनाभर बघितले आणि ठरवलं की आपल्याला हे जमणार नाही. नेटवर एक साधा आराखडा विकत घेतला. सरळ पाय, सरळ हात, पाठीला सहा पट्ट्या.

लाकूड जुनं सागवान. पाडलेल्या वाड्यांच्या कडीपाटाच्या कड्या वखारीत मिळतात. दोन घनफूट घेतलं. वरून काळं, धुराचं, चुन्याचं, आणि रंध्याचा एक हात मारला की आत मधासारखा रंग आणि तो वास. जुन्या सागात आता वाळायचं, पिळवटायचं काही शिल्लक नसतं, हा त्याचा मोठा गुण. दुर्गुण म्हणजे खिळे. हातानं ठोकलेले चौकोनी खिळे डोकं तुटून लाकडात आत राहिलेले असतात आणि वरनं पत्ता लागत नाही. पहिल्याच दिवशी रंध्याच्या पात्याला अर्ध्या चण्याएवढा खड्डा पडला.

इथं आप्पा आले. आप्पा म्हणजे आमचे जुने पॅटर्नमेकर. कोल्हापूरला फौंड्री माहीत नाही असं घर नाही, पण फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, हे बाहेर कुणाला फारसं ठाऊक नसतं. तो नमुना म्हणजे पॅटर्न. वाळूत तो दाबून साचा घ्यायचा. आप्पांनी शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं हे काम केलं. वय ७४, उंची पावणेसहा फूट, नजर अजून अशी की अर्ध्या सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चूक लांबनं सांगतात. ते आले, खिशातनं स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक काढलं, दोऱ्याला बांधलं आणि कडीवरनं हळूहळू फिरवत नेलं. दोरा जिथं तिरका झाला तिथं खडूची फुली. चार कड्यांत एकोणीस फुल्या. मी इतकी वर्षं मेजरिंगची यंत्रं वापरली, हे सुचलं नव्हतं.

त्याच आप्पांच्या पट्टीनं माझा घात केला, पण दोष त्यांचा नाही.

मागचे पाय वर पाठीपर्यंत अखंड जातात, लांबी ४० इंच. एक पाय आप्पांच्या घरी बसून आखला, त्यांच्या स्टीलच्या पट्टीनं. दुसरा दोन दिवसांनी शेडमध्ये, माझ्या टेपनं. कापले, रंधले, शेजारी उभे केले तर एक दहा मिलिमीटरनं उंच. तीनदा मोजलं. माझ्या टेपनं दुसरा बरोबर. पहिला आप्पांच्या पट्टीनं बरोबर. मग डोक्यात उजेड पडला आणि अंगाला घाम फुटला. ती कॉन्ट्रॅक्शनची पट्टी होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, फुटाला साधारण एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो, आणि दर वेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवरचे इंचच मुळात तेवढे ताणलेले असतात. पट्टीच्या मागं तसं कोरलेलं असतं. छत्तीस वर्षं फौंड्रीच्या मालात घालवलेल्या माणसानं पट्टी उलटून बघितली नाही.

आप्पांना सांगितलं तर ते हसून हसून खोकायला लागले. "खुर्ची वतायची हाय व्हय रं लोखंडाची?" मग गंभीर होऊन म्हणाले, "जोडीची लाकडं कधी मोजून आखू नयेत. एकावर एक ठेवायची आणि एकच रेघ दोघांवर मारायची. पट्टी चुकंल, रेघ चुकत न्हाई." उंच पाय खालून कापता आला, लाकूड वाया गेलं नाही. इज्जत गेली.

सांध्यांना खोबण आणि तीत घट्ट बसणारं कुसू, जुन्या पद्धतीनं. खोबणी पाडायला आठवडा गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पटाशीला धार असली की होतं आणि नसली की होत नाही. सागात सिलिका असते, त्यामुळं धार लवकर जाते. दर वीस मिनिटांनी दगडावर पातं घासत बसायचं.

आता केळी. वाकडं लाकूड दोन-तीन तऱ्हांनी मिळतं. जाड फळीतनं कमान कापून काढली तर टोकाकडं रेषा आडव्या तुटतात आणि तिथंच ते मोडतं. वाफेवर वाकवण्याएवढी सोय माझ्याकडं नाही. राहिली तिसरी वाट. तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढायच्या, आठ एकावर एक ठेवून मध्ये गोंद लावायचा आणि साच्यावर दाबून बांधायच्या. गोंद वाळला की पट्ट्यांना परत सरळ होता येत नाही. यात निम्मं लाकूड भुसा होतं, कारण करवतीचं पातंच तीन मिलिमीटर खातं.

कमान आखायला गच्चीवर गेलो. खिळा, ४२ इंचांचा दोरा, पेन्सिल. आराखड्यात त्रिज्या ४२ दिली होती. प्लायवूडचा साचा केला. उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सोळा क्लॅम्प उसने आणले, उरलेल्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळली.

जुलै महिना. कोल्हापूरचा जुलै ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो, त्या दिवसांत मीठसुद्धा डबीत पाणी होऊन बसतं. नेहमीचा पांढरा गोंद लावला, दोन दिवस ठेवला, क्लॅम्प सोडले. छान दिसत होतं. चौथ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तर दोन्ही केळी टोकाला सोललेली. खरोखर केळ्यासारखी. साग तेलकट असतो, पृष्ठभाग थिनरनं पुसून लगेच गोंद लावायचा असतो, ते मी केलं नव्हतं. शिवाय पांढरा गोंद वाळूनही जरा मऊ राहतो, सतत ताण असला की हळूहळू सरकतो. ही पहिली जोडी. भिंतीवर डावीकडं.

दुसऱ्या वेळी प्रत्येक पट्टी थिनरनं पुसली, एपॉक्सी वापरलं, वर शंभरचा बल्ब रात्रभर चालू ठेवला. साच्यातनं सोडल्यावर टोकं एक-दीड सूत उघडली आणि तिथंच थांबली. आजतागायत थांबलेली आहेत.

बैठक लाकडाची करणार होतो. आई म्हणाली, नवार लाव. जुन्या पलंगांना असायची ती सुती पट्टी. विणायची कशी हे मला येत नव्हतं, तिला येत होतं. ती स्टुलावर बसून सांगत होती आणि मी चौकटीला पाय लावून ओढत होतो. "आणि वढ. आणि. आरं, जेवलाईस का न्हाईस?" माझे तळवे सोलले. पण काम नामी झालं. लाकडी बैठकीला उशी लागते, हिला लागत नाही आणि उन्हाळ्यात पाठीखाली हवा खेळते.

ऑगस्टच्या शेवटी खुर्ची उभी राहिली. केळी अजून चिकटवली नव्हती. आप्पांनी बजावलं होतं, "बसून बघितल्याबिगर गोंद लावायचा न्हाई." नुसत्या लाकडी खुंट्यांवर बसवली होती. मी बसलो. फार सुरेख. डोळे मिटून पाच मिनिटं डोललो. हिनं बसून बघितलं, तीही खूश. मग आईला हाताला धरून आणलं. ती बसली, मागं टेकली आणि तशीच बसून राहिली.

"हलव की," मी म्हणालो.

"कशानं हलवू? पाय लोंबाय लागल्यात माझं."

आई चार फूट दहा इंच आहे. बैठकीची पुढची कड जमिनीपासून १७ इंच, कारण आराखड्यात १७ होती, आणि आराखडा करणारा माणूस बहुधा सहा फुटी असावा. पाय टेकला नाही तर या खुर्चीला दुसरं इंजिन नाही. जिच्यासाठी खुर्ची करत होतो तिचं एकच माप घ्यायचं होतं, गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत, आणि तेच घेतलं नव्हतं. बाकी शंभर मापं घेतली. तिथल्या तिथं टेप लावला. साडेचौदा इंच. कारखान्यात असा माल माझ्यापुढं आला असता तर मी तांबडा रंग मारला असता.

पाय अडीच इंच कापले. बैठक साडेचौदावर आली, आईचे पाय टेकले, तिनं रेटा दिला, खुर्ची डोलायला लागली. मला वाटलं, संपलं. आईनं दोन मिनिटं बसून निकाल दिला, "ही खुर्ची लई घाईत हाय बघ."

मी म्हणालो, घाईत म्हणजे काय? ती म्हणाली, "मी पाय लावायच्या आत माघारी येतीया."

हे मला आधी पटलं नाही. पण सवयीनं मोबाइलवर वेळ लावली. दहा झोके, १९ सेकंद. पाय कापायच्या आधी मी स्वतः बसून मोजले होते तेव्हा साडेएकवीस आले होते. मग आठवलं की २०१८ चा एक व्हिडिओ आहे, नातवाच्या बारशाचा, त्यात मागं आई झोपाळ्यावर दिसते. तो लावून मोजलं. दहा झोके, २७ सेकंद. आयुष्यभर २७ च्या लयीत बसलेल्या बाईला मी १९ वर बसवत होतो.

कारण असं आहे. कमानीचा मध्य, म्हणजे गच्चीवर जिथं खिळा ठोकला होता तो बिंदू, खुर्ची जमिनीवर असताना ४२ इंच उंचीवर हवेत असतो. बसलेल्या माणसाचा भार एकवटतो तो बिंदू त्याच्या खाली, पोटाच्या आसपास. भार त्या मध्याच्या खाली असतो म्हणूनच खुर्ची परत येते. वर गेला तर उलटते. या दोन बिंदूंमध्ये अंतर जितकं जास्त, तितकी खुर्ची हट्टानं आणि झटक्यानं परत येते. मी पाय कापले, आई खाली आली, अंतर वाढलं. खुर्ची घाईत आली. उपाय दोनच, आईला वर उचला, नाहीतर मध्य खाली आणा. म्हणजे नवी केळी, जास्त वाकडी.

वहीत गणित मांडलं. २७ सेकंदांसाठी त्रिज्या ३२ च्या आसपास येत होती. मी आनंदात आप्पांना दाखवायला गेलो. त्यांनी वहीकडं बघितलंच नाही. खिशातली नाण्यांची पुरचुंडी काढून टेबलावर एक वाटी ठेवली आणि वाटीच्या काठावर नाणी रचत गेले. वाटी डुलली, अजून डुलली आणि आडवी झाली. "म्हातारं माणूस वरचं काय घ्यायला हात वर करतंय, मागं रेलतंय. तुझी वही धरणार हाय का त्याला?" सेकंद वाढवत नेले तर उलटायची भीती वाढत जाते, ही त्यांची हरकत, आणि ती बरोबर होती. ३६ वर तडजोड झाली. केळ्यांची मागची शेपटी दोन इंच लांब ठेवली, म्हणजे जास्त मागं गेली तर ती जमिनीला टेकून अडते. पुढची टोकं मात्र आखूड केली. पुढं लांब ठेवली की साडीचा काठ त्याखाली जातो. हे आईनं सांगितलं, माझ्या आराखड्यात साडीचा विचार नव्हता.

तिसऱ्या जोडीचे दहा झोके २३ सेकंदांत झाले. आईला आकडे सांगितले नाहीत. तिनं मेथीची जुडी मागितली.

उरलेलं थोडक्यात. पॉलिशला जवसाचं तेल, चार हात, प्रत्येक हातानंतर दोन दिवस थांबून. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. मी दोरीवर पसरून वाळवतो. हात बैठकीपासून साडेआठ इंच वर, पुढं जरा रुंद, उठताना तळवा पुरा टेकावा म्हणून. टाइल्सवर केळी खडखड वाजत होती आणि दुपारी घरात कुणाला झोप लागेना. चप्पल लाइनीतनं चामड्याच्या दोन पट्ट्या कापून आणल्या, खालून चिकटवल्या. दुकानदारानं विचारलं, कितव्या नंबरची चप्पल आहे ही, चव्वेचाळीस इंची? आता आवाज येत नाही, जुन्या चपलेसारखा एक हलका कर्र तेवढा येतो, तोही डाव्या बाजूनं.

चुका अजून आहेत. पाठीची तिसरी पट्टी जरा फिरलेली आहे. नवार महिनाभरात इंचभर सैल पडली आणि बैठक साडेतेरावर गेली, म्हणजे पुन्हा ओढून बांधणं आलं. आई म्हणते राहू दे, असंच बरं वाटतंय. मी दर रविवारी टेप लावून बघतो.

झोपाळ्याची फळी शेडमध्ये उभी आहे. तिचे हात करायचं माझ्या मनात होतं, आईनं कापू दिली नाही.

आई देवळात गेली की आप्पा येतात आणि खुर्चीत बसतात. त्यांचे गुडघे पार वर येतात, तरी बसतात. परवा मी टेप घेऊन त्यांच्या गुडघ्यामागं लावायला गेलो. ४२ ची जोडी भिंतीवर रिकामीच आहे, त्यांच्या उंचीला ती बरोबर बसेल असा माझा हिशोब होता. त्यांनी पाय मागं ओढून घेतला.

"मी काय म्हातारा झालोय व्हय?"

माप अजून घ्यायचं आहे. अंदाजे सतरा इंच.